दहा महिने, तीन जोड

एकनाथ डोईफोडेला रबराचं वेड बापाकडून आलं. बाप जालन्याच्या एस.टी. डेपोत टायर रिमोल्डिंगच्या, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवण्याच्या विभागात होता. शाळेतून आल्यावर एकनाथ तिथे जाऊन बसायचा आणि घासून गुळगुळीत झालेल्या टायरवरून बोट फिरवून, ही गाडी घाटातली की सपाटीची, ते सांगायचा. दहातल्या आठ वेळा बरोबर सांगायचा. पुढे केमिकल इंजिनिअर झाला आणि अठ्ठ्याण्णव साली पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएच.डी.साठी आला, तेव्हाही विषय तोच होता: रबर झिजतं कसं.

पीएच.डी. पुरी झाली नाही. दोन हजार एकच्या शेवटी प्रोफेसरांचा प्रकल्प बंद पडला आणि एकनाथला एम.एस.वर बाहेर पडावं लागलं. त्या वर्षी नोकऱ्या नव्हत्याच. सहा महिने धडपडल्यावर न्यू जर्सीतल्या एका छोट्या बुटांच्या कंपनीनं त्याला प्रयोगशाळेत घेतलं आणि व्हिसाचे कागदही केले. एकनाथनं आयसेलिनला, भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडच्या मागे एक खोली-स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं, भारतात जाऊन लग्न केलं आणि दोन हजार तीनच्या एप्रिलमध्ये गिरिजाला घेऊन आला.

त्या उन्हाळ्यात कंपनीनं नवा बूट काढायचं ठरवलं. कॅनव्हासचा, हलका, नाडी नसलेला, कुठल्याही कपड्यांवर चालेल असा. नाव ठेवलं ‘मीअँडर’, म्हणजे वळणावळणानं भटकणं. महिनोन् महिने भटकणाऱ्या माणसाला एकच जोड पुरेल, असं सांगून तो विकायचा होता. एकनाथनं यंत्रावर दोन लाख वेळा त्याचा तळ वाकवला. तळ टिकला. पण मीटिंगमध्ये तो म्हणाला, “यंत्र एकाच जागी वाकवतं. माणूस पावसात चालतो, उन्हात चालतो, बसमध्ये पाय सुजवून बसतो. माणसाच्या पायात घालून बघितल्याशिवाय मी सही करणार नाही.”

जाहिरातीचं काम बघणारी नीना टेबलाच्या पलीकडे बसली होती. नीनाचे आईवडील ठाण्याचे, ती स्वतः न्यू जर्सीत जन्मलेली. मराठी तिला कळायचं सगळं, बोलायची मात्र गरजेपुरतं. तिचे डोळे चमकले.

“दॅट्स इट,” ती म्हणाली. “एक माणूस, एक जोड, दहा महिने, ऑल ओव्हर अमेरिका. एकनाथ, यू डू इट!”

एकनाथला आधी थट्टा वाटली. मग मालकानं बोलावलं. पगार चालू राहील, मोटेलचं आणि बसचं भाडं कंपनी देईल, परत आल्यावर ग्रीन कार्डाची फाइल सुरू करू. एकनाथनं घरी येऊन गिरिजाला सांगितलं. तिला या देशात येऊन पाच महिने झाले होते. गाडी येत नव्हती, नोकरी करायची तिच्या व्हिसावर परवानगी नव्हती.

“दहा महिने?” ती म्हणाली. “आणि मी इथे काय करू?”

“फाइल सुरू होईल गिरिजा. एकदाच काय ते.”

“तुझी फाइल,” ती म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

सप्टेंबरात एकनाथ निघाला. एक सॅक, एक कॅमेरा, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा व्हर्नियर, आणि एक वही. रोज कमीत कमी आठ मैल चालायचं, बाकी प्रवास बसनं. रोज संध्याकाळी बूट काढून तळाची जाडी पाच ठिकाणी मोजायची, फोटो काढायचे, लिहायचं. पहिले सहा आठवडे मजेत गेले. बूट खरंच हलका होता. पण वहीतले आकडे खाली चालले होते. टाचेखालचा फोम दबून दबून पापडासारखा झाला. करंगळीपाशी कापड विरलं. आतल्या बाजूचं अस्तर टाचेला घासून फाटलं आणि आतली पुठ्ठ्यासारखी कडा मांसात रुतायला लागली. एकनाथ टाचेला चिकटपट्ट्या लावून चालायचा.

डिसेंबरात टेनेसीतल्या एका लहान गावच्या बसथांब्यावर तो बाकावर बसून स्वतःच्या पायांचे फोटो काढत होता. कुणीतरी पोलिसांना फोन केला. दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरनंतर सावळ्या माणसानं बसथांब्यावर काहीही मोजणं बरं नव्हतं. पोलीस आला. त्यानं एकनाथला उभं केलं, बूट काढायला लावले आणि तळ कशानं चिकटवलाय ते बघण्यासाठी पुढून ओढून पाहिलं. तळ अर्धा इंच सुटला. पोलिसानं कंपनीत फोन लावून खात्री केली, “हॅव अ गुड वन” म्हणून निघून गेला. थंडीत चाळीस मिनिटं मोज्यांवर उभ्या राहिलेल्या एकनाथनं वहीत लिहिलं: ‘उजवा, पुढून १२ मि.मी. उघडला. बाह्य कारण.’ ते कारण कोणतं, हे त्यानं लिहिलं नाही.

जानेवारीत तो मिशिगनमधल्या ॲन आर्बरला पोचला. तिथे रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मीठ टाकतात. मिठाचं पाणी कॅनव्हासमध्ये शिरलं, वाळलं, पुन्हा शिरलं. टाके कुजले. एका सकाळी विद्यापीठाच्या बसमधून उतरताना डाव्या बुटाचा तळ पायरीवरच राहिला आणि एकनाथ बर्फात उतरला तो नुसत्या मोज्यावर. मागच्या विद्यार्थ्यानं तळ उचलून हातात दिला. एकनाथनं जवळच्या दुकानातून फोन लावला.

“साडेचार महिने,” तो नीनाला म्हणाला. “संपला. मी रिपोर्ट लिहितो आणि परत येतो.”

“नो, नो,” नीना म्हणाली. “मी उद्याच दुसरा पेअर पाठवते. सेम साइज. यू कीप वॉकिंग.”

“मग तो एक जोड राहत नाही.”

“आपण डेटा गोळा करतोय ना? मोर डेटा इज गुड.”

यात एकनाथला खोट काढता आली नाही. दुसरा जोड मेमध्ये ॲरिझोनात कामातून गेला. टूसॉनचा फुटपाथ दुपारी तव्यासारखा तापायचा. गोंद मऊ पडला आणि दोन्ही बुटांनी बेडकासारखी तोंडं उघडली. तिसरा जोड आला. एकनाथची टाच तोवर कायमची दुखायला लागली होती. डॉक्टर म्हणाला, टाचेचा पट्टा फाटत आलाय, चालणं बंद करा. एकनाथनं तेही वहीत लिहिलं आणि चालत राहिला. जुलैअखेर सिअ‍ॅटलला प्रवास संपला.

घरी आला तेव्हा गिरिजा गाडी चालवायला शिकली होती. शेजारच्या काकूंबरोबर देवळात जायची, लायब्ररीतून पुस्तकं आणायची. त्याच्यासाठी तिला आपल्या दिवसांत जागा करावी लागली, असं तिच्या वागण्यावरून दिसायचं. “तू फोनवर फक्त बुटांबद्दल बोलायचास,” ती एकदा म्हणाली. “मी ताप आला म्हणून सांगितलं, तर तू म्हणालास, इथे पण ओल फार आहे.” एकनाथला ते आठवत नव्हतं, पण ती खोटं बोलणारी नव्हती.

एकनाथनं चाळीस पानांचा रिपोर्ट लिहिला. निष्कर्ष साधा होता: मीअँडर सहलीला, बाजारहाटाला ठीक, लांबच्या प्रवासाला तीन-चार महिन्यांवर टिकणार नाही, आणि पुढचा तळ उघडतो तेव्हा घालणारा अडखळून पडू शकतो. गोंद बदला, टोकाला शिलाई द्या.

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत नीनानं त्याला खोलीत बोलावलं. टेबलावर नवं खोकं होतं. खोक्यावर एकनाथचा फोटो: पाठीवर सॅक, मागे डोंगर, पायात धूळ माखलेले मीअँडर. खाली लिहिलं होतं: एक माणूस. एक जोड. दहा महिने.

“हा तिसरा जोड आहे,” एकनाथ म्हणाला. “आणि धूळ नंतर लावली आहे.”

“फोटोशूट म्हणजे तसंच असतं.”

“नीना, तीन जोड लागले. मी लिहून दिलंय.”

“वन पेअर म्हणजे वन मॉडेल. लीगलनं बघितलंय. नोबडी काउंट्स, एकनाथ.”

“मी मोजलेत.”

नीनानं दार लोटलं आणि मग मराठीत बोलली, हळू, आईच्या सुरात. “तुझी फाइल आत्ताच गेलीये. मालक सही करतात. मला ते मध्ये आणायचं नाहीये. तू पण नको आणू.”

गिरिजाला तेव्हा सातवा महिना होता; त्यांची मुलगी सावनी पोटात होती. एकनाथनं घरी सगळं सांगितलं. गिरिजा पोटावर हात ठेवून ऐकत होती.

“बुटावर खोटं लिहिलंय,” ती म्हणाली. “औषधाच्या बाटलीवर नाही. गप्प राहा.”

तो गप्प राहिला. नंतर कधी कधी त्याला वाटायचं की गिरिजानं उलट म्हटलं असतं, तरी तो गप्पच राहिला असता. तिच्यामुळे फक्त दोष द्यायला कुणी मिळालं.

आयसेलिनमध्ये एकनाथ एकदम प्रसिद्ध झाला. मिठाईच्या दुकानात लोक थांबवायचे. मराठी मंडळाच्या गणपतीत त्याला स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला. आणि सगळ्यांत जास्त आनंद झाला तो वीणामावशींना.

वीणामावशी म्हणजे यशोधनची आई. यशोधन आणि एकनाथ स्टेट कॉलेजला एका अपार्टमेंटमध्ये राहायचे. दोन हजार साली मावशी मुलाकडे चार महिने आल्या आणि पाच पोरांना भाकऱ्या करून घातल्या. एकनाथला कावीळ झाली तेव्हा पंधरा दिवस त्याच्या उशाशी बसल्या. आता यशोधनला एडिसनला नोकरी होती आणि मावशी त्याच्याकडेच राहायला आल्या होत्या. अमरावतीच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवलेला. अमेरिकेतली पाच सरोवरं त्या फळ्यावर खडूनं डोळे मिटून काढायच्या. प्रत्यक्षात एकही पाहिलं नव्हतं. यशोधनला रजा नसायची, सुनेला हौस नव्हती. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात चौसष्टाव्या वर्षी मावशींनी जाहीर केलं की त्या एकट्या जाणार. दोन महिने, बसनं, सरोवरांच्या काठाकाठानं, आणि तिथून पार पॅसिफिकपर्यंत.

निघायच्या आधी त्या एकनाथला घेऊन बुटांच्या दुकानात गेल्या. थेट मीअँडरच्या मांडणीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि सेल्सगर्लला खोकं दाखवून म्हणाल्या, “धिस इज माय बॉय.”

“मावशी, त्यापेक्षा तो चामड्याचा बघा,” एकनाथ म्हणाला. “जरा जड आहे, पण घोट्याला आधार देतो.”

“जड कशाला? तू एवढा फिरलास ह्यात.”

“माझं वय वेगळं.”

“म्हणजे मी म्हातारी?” त्या हसल्या. मग बूट पायात घालून चार पावलं चालल्या आणि वळून विचारलं, “टिकतील ना रे?”

दुकानात कुणीच ऐकणारं नव्हतं. सेल्सगर्ल लांब होती. एकनाथ म्हणाला, “छान आहेत, मावशी.”

जूनमध्ये मावशींची पोस्टकार्डं यायला लागली. इरी पाहिलं. ह्युरॉन पाहिलं, पुस्तकात लिहितात त्याहून निळं आहे. ॲन आर्बरला तिथल्या मंडळातल्या संध्याताईंकडे उतरले, फार आग्रह केला. मग जुलैच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. एकनाथ ऑफिसमध्येच होता.

“अरे, उजवा बूट पुढून उघडलाय,” मावशी म्हणाल्या. “चप्पल ओढल्यासारखा आवाज येतो. काही गोंद वगैरे सांग ना.”

एकनाथ खुर्चीवरून उठला. “फेकून द्या मावशी. आजच. दुसरे घ्या, कुठलेही घ्या.”

“फेकून? सहा आठवडे झालेत नुसते! तू दहा महिने चालवलेस. माझीच चाल वाईट असणार. आई लहानपणी ओरडायचीच, पाय घासत चालते म्हणून.”

“तसं नाही मावशी...”

“मग कसं?”

काचेपलीकडे नीना कुणाशी तरी बोलत होती. फाइल दुसऱ्या टप्प्यात होती.

“तसंच काही नाही,” एकनाथ म्हणाला. “पण दुसरे घ्या.”

“बघते. टेपनं गुंडाळते तोवर.”

तीन दिवसांनी सुपिरिअर सरोवराच्या काठावर, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या लाकडी पायऱ्यांवर, मावशींच्या बुटाचं टोक फळीत अडकलं. त्या अकरा पायऱ्या खाली गेल्या. खुबा मोडला. मिशिगनच्या वरच्या टोकाला एका लहान इस्पितळात ऑपरेशन झालं, मग जखम चिघळली, मग पुन्हा ऑपरेशन. यशोधन विमानानं गेला आणि पाच आठवड्यांनी आईला स्ट्रेचरवरून घेऊन आला.

एकनाथ आठ दिवस त्यांच्या घराकडे फिरकला नाही. नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, गेला. मावशी दिवाणखान्यात भाड्यानं आणलेल्या पलंगावर होत्या. चेहरा अर्धा झालेला. यशोधन चहा करायला उठला.

“बस,” मावशी म्हणाल्या. “पॅसिफिक राहिला बघ. तू पाहिलास ना? मला सांग कसा आहे. नकाशात नुसता निळा रंग भरायचे मी.”

एकनाथनं तोंड उघडलं. सॅन फ्रान्सिस्कोत तो चार दिवस किनाऱ्यानं चालला होता. ओरेगॉनमध्ये सहा. त्यानं आठवून बघितलं. ओली वाळू आठवली, कारण ती शिलाईत शिरत होती. खडीचा उतार आठवला. डाव्या टाचेचा आकडा आठवला, सहा पूर्णांक एक. पाणी कसं होतं ते काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

“मी पाहिला नाही मावशी,” तो म्हणाला. “मी खाली बघत होतो.” आणि मग त्यानं सगळं सांगितलं. ॲन आर्बर, टूसॉन, तीन जोड, रिपोर्ट, खोकं, फाइल.

यशोधन कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

“दुकानात नाही सांगितलंस, ते समजू शकते,” मावशी म्हणाल्या. “माणूस घाबरतो. पण मी फोन केला होता. ‘मग कसं’ म्हणून विचारलं होतं. तेव्हा एक वाक्य बोलला असतास, तर मी कुणाला सांगणार होते रे?”

एकनाथ पुन्हा खाली बघू लागला.

“आणि मी महिनाभर तिथे पडून विचार करत होते,” त्या म्हणाल्या, “की आपण नीट चालत नाही.”

यशोधननं कप खाली ठेवले. “एकनाथ, तू नीघ,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “यार, तुला तिनं काविळीत भरवलंय. आत्ता नीघ. पुन्हा येऊ नकोस.”

एकनाथनं दारातल्या बुटांच्या ढिगातून आपले बूट शोधले आणि घालायला वेळ लागू नये म्हणून हातात घेऊनच बाहेर पडला.

त्या आठवड्यात त्यानं राजीनामा लिहिला. त्यात सगळं लिहिलं, तारखांसकट. मग वाटलं, सावनीच्या डॉक्टरची तारीख होऊन जाऊ दे, तिचा विमा कंपनीकडूनच होता. मग वाटलं, आधी दुसरी नोकरी बघू. कागद ड्रॉवरमध्ये राहिला. नोव्हेंबरात एका सकाळी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं आणि मालकांनी सांगितलं की कंपनी विकली गेली आहे. नव्या मालकांना नाव हवं होतं, प्रयोगशाळा नको होती. एकनाथच्या हातात खोकं दिलं, सामान भरायला. ते मीअँडरचंच होतं, रिकामं. फाइलचं विचारलं तर नव्या कंपनीच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, अर्ज करणारी कंपनीच उरली नाही, त्यामुळे अर्जही उरत नाही. नीनाला कॅलिफोर्नियात चांगली नोकरी लागली. जाताना तिनं सगळ्यांना ईमेल पाठवली, एकनाथलाही. त्यात शेवटी मराठीत ‘काळजी घे’ लिहिलं होतं, रोमन अक्षरांत.

एकनाथनं वहीच्या झेरॉक्स आणि रिपोर्ट जोडून नव्या मालकांना पत्र लिहिलं. आता लिहायला काहीच धोका नव्हता, हे त्याला लिहितानाही कळत होतं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: सदर मॉडेल आम्ही बनवत नाही. आपल्या आस्थेबद्दल आभार.

पुढे ओळखीतून त्याला एका कारखान्यात काम मिळालं. औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं बनवायचा कारखाना. व्हिसा कसाबसा तिकडे वळला, ग्रीन कार्डाची रांग पुन्हा पहिल्यापासून. टाच दुखायची ती दुखतच राहिली. सावनीला उचलून घेतलं की दहा मिनिटांत खाली ठेवावं लागायचं. गिरिजानं त्याला एकदाही बोल लावला नाही. मावशी पडल्याचं कळलं त्या दिवशी मात्र ती म्हणाली होती, “मीच म्हटलं होतं गप्प राहा,” आणि एकनाथनं तिला नाही म्हटलं नव्हतं. त्यानंतर दोघं त्यावर कधी बोलले नाहीत. तसे ते आणखी बऱ्याच गोष्टींवर बोलेनासे झाले.

मावशी वॉकरवर आल्या, मग काठीवर, मग पुन्हा वॉकरवर. एकनाथनं दोनदा फोन केला. पहिल्यांदा त्या तब्येतीबद्दल, सावनीबद्दल दोन मिनिटं बोलल्या, नेहमीसारख्या मायेनं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, “यशोधनला त्रास होतो रे फोन आला की. मलाही मग दिवसभर काही सुचत नाही.” त्यानं फोन करणं बंद केलं.

दोन हजार आठच्या एप्रिलमध्ये ओक ट्री रोडवर भाजी घेताना मंडळातल्या कांचनकाकू भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, “वीणाताई गेल्या ना अमरावतीला. कायमच्याच. पंधरा दिवस झाले. तुला माहीत असेलच.”

“हो,” एकनाथ म्हणाला.

“विमानतळावर व्हीलचेअर मागवली होती. आम्ही दहाबाराजण गेलो होतो पोचवायला. तू दिसला नाहीस?”

“काम होतं,” एकनाथ म्हणाला, आणि त्यानं मेथीची जुडी उलटसुलट करून बघितली, घेतली, आणि बिलाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.